नऊ ओळींची बुर्जी

‘चाणाक्ष’ या बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रॅमबद्दल आजवर वर्तमानपत्रांत अकरा बातम्या छापून आल्या. अकराही कात्रणं गोरक्ष कोळपेकडे होती आणि एकाही कात्रणात त्याचं नाव धड नव्हतं. नऊ बातम्यांत संस्थेच्या संचालकांचं नाव होतं, एकीत नुसतं संस्थेचं. अकरावीत त्याचं होतं, पण ‘गोरख कोल्हे’ असं, आणि तेही ‘टंकलेखन साहाय्य’ या शब्दांपुढे.

चाणाक्ष लिहिला होता गोरक्षनं. १९७८ ते १९८५, सात वर्षं खपून. निमगाव सावातल्या एका मेंढपाळाचा तो थोरला मुलगा. नारायणगावला शिकला, पुण्यात बी.एस्सी. झाला आणि एका संगणक संस्थेत पंचकार्डं लावायच्या कामाला लागला. दिवसभर दुसऱ्यांची कार्डं यंत्रात घालायची आणि पाच वाजता यंत्र मोकळं झालं की आपली घालायची. ऐंशी साली चाणाक्ष नियमाप्रमाणे चाली करायला शिकला. एक्याऐंशीत त्यानं कॅन्टीनवाल्याला हरवलं, त्र्याऐंशीत एका जिल्हा विजेत्याला. त्यानंतर संचालकांना बुद्धिबळाची एकाएकी गोडी लागली आणि बातम्या येऊ लागल्या.

शहाऐंशी साली प्रकल्प गुंडाळला गेला. गोरक्ष एका बँकेच्या संगणक विभागात गेला, तिथं सत्तावीस वर्षं काढली आणि निवृत्त होऊन गावी परतला. गावात त्याला ‘गेमवाले सर’ म्हणत. पारावर कुणी ना कुणी विषय काढायचंच.

“सर, तुमी तो गेम बनवला व्हता ना? मोबाइलवर हाय का?”

“नाही.”

“मग कशावर हाय?”

“कशावरच नाही आता.”

“मग बनवला कशाला, राव?”

बायको निर्मला होती तोवर म्हणायची, “अहो, त्या कात्रणांना वाळवी लागंल तर बरं. तुमची तरी सुटका व्हईल.” निर्मलाला जाऊन चार वर्षं झाली. कात्रणं डांबरगोळ्या घालून नीट ठेवलेली होती.

एकाहत्तराव्या वर्षी गोरक्षला दुसरं काही नको होतं. कुठंतरी, एकदा, छापील अक्षरात, न चुकता आपलं नाव चाणाक्षपुढे बघायचं होतं. म्हणून जानेवारीत श्रेया नावाच्या मुलीचा पुण्याहून फोन आला आणि ती म्हणाली, “सर, चाणाक्ष सापडलाय,” तेव्हा त्यानं हातातला फोन दुसऱ्या हातात घेतला आणि तिला पुन्हा बोलायला लावलं.

श्रेया जुने संगणक आणि त्यांचे कागद जमवणाऱ्या एका न्यासात काम करत होती. संस्थेनं आपलं कोठार रिकामं केलं तेव्हा भंगाराच्या ढिगात तिला चाणाक्षचा सगळा छापील मजकूर सापडला होता. वर्षभर खपून तिनं तो नव्या संगणकात उतरवून चालता केला. दोन दिवसांनी ती निमगावला आली, ओट्यावर बसली आणि मांडीवरचा लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. तोच पट होता. मोहऱ्यांच्या जागी तीच रोमन अक्षरं आणि खाली रोमनमध्येच लिहिलेला तोच प्रश्न: ‘तुमची चाल?’

गोरक्षनं चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छच होता.

“ओळ न् ओळ लावून बघितलीय मी,” श्रेया म्हणाली. “हे तुमचं काम आहे. तुमच्या संचालकांना यातली एक ओळ लिहिता आली नसती.”

“हे तुम्ही छापणार?”

“पाटीवर. मोठ्या अक्षरात. प्रदर्शन आधी नारायणगावला भरवतोय, मग पुण्याला. माणूस इथला, म्हणून सुरुवात इथं.”

“नाव नीट लिहा. कोळपे. पे.”

“लिहीन, सर.” तिनं पिशवीतून एक कागद काढला. “फक्त एक गोष्ट राहिलीय.”

कागद पाहताच गोरक्षनं ओळखला. २९ नोव्हेंबर १९८५ चा चौकशी अहवाल. शेवटच्या परिच्छेदाखाली त्याची सही होती, तरुणपणची, लांब शेपटीची. वर टंकलिखित वाक्य होतं: ‘डावाच्या अखेरीचा भाग श्रीमती वैजयंती केंगले यांनी लिहिलेला असून त्यातील दोषाशी माझा संबंध नाही.’

“परदेशातला तो शेवटचा डाव,” श्रेया म्हणाली. “समोर राजा आणि एकच प्यादं. आपला हत्ती ते केव्हाही मारू शकत होता आणि मारलं नाही. नऊ ओळींमुळं. त्या नऊ ओळी केंगलेबाईंच्या भागात आहेत, पण लिहायची ढब त्यांची वाटत नाही मला.”

“बाईंना विचारलंत?”

“विचारलं. कळंबला असतात त्या. म्हणाल्या, कोळप्यांना विचारा, ते सांगतील ते लिहा.”

गोरक्षनं कागद उलटा ठेवला. “ओळी त्यांच्या असल्या तर पाटीवर काय येईल?”

“रचना, गोरक्ष जानकू कोळपे. अखेरचा भाग आणि तो गाजलेला दोष, वैजयंती केंगले.”

“आणि माझ्या निघाल्या तर?”

“मग दोष तुमच्या नावावर. आणि हा कागद खोटा ठरतो.” श्रेया थोडी अडखळली. “तो कागदही प्रदर्शनात लावणार आहे, सर. शुक्रवारी पाटी छापायला जाते. तोवर लेखी कळवा.”

त्या नऊ ओळी गोरक्षला पाठ होत्या.

त्याचा बाप जानकू दर दिवाळीनंतर मेंढरांचा वाडा घेऊन मढवरून माळशेज उतरायचा. घोंगडीच्या खोळीत बुद्धिबळाचा कापडी पट असायचा, मोहरे त्यानं स्वतः बाभळीच्या लाकडाचे कोरलेले. दुपारी मेंढरं सावलीला रवंथ करत बसली की पट अंथरला जायचा. खेळ देशी रीतीचा. या रीतीत समोरच्याचा शेवटचा मोहरा मारला आणि त्याचा राजा उघडा पडला, की डाव तिथंच संपतो. त्याला बुर्जी म्हणतात. मग कुणी जिंकलं नाही, कुणी हरलं नाही. मात करायची तर समोरच्याच्या पटावर निदान एक प्यादं शिल्लक असताना करायची. हाताशी आलेल्या डावाची बुर्जी करणारा माणूस जानकूच्या लेखी नुसता हावरट. “शेवटचं प्यादं खातो त्यो खेळाडू न्हाई, बोका हाये,” असं तो म्हणायचा. गोरक्ष आणि धाकटा गेणू दोघंही खेळ शिकले ते याच रीतीनं.

चौऱ्याऐंशीत गोरक्षनं बापाला पुण्याला नेलं, आपण काय केलं ते दाखवायला. गेणूही बरोबर होता. काचेच्या खोलीत जानकू पटका सावरून बसला, तोंडानं चाली सांगू लागला आणि गोरक्ष त्या यंत्रात घालू लागला. दीड तासानं जानकूकडे राजा आणि एक प्यादं उरलं. चाणाक्षनं ते प्यादं मारलं.

जानकू उठून उभा राहिला. “बुर्जी झाली.”

“बा, डाव चालू आहे. बाहेरच्या नियमात असं नसतं.”

“नसतं? मंग तुज्या मशिनीला रीत न्हाई. आन तुला बी न्हाई.” तो चहाही न घेता निघाला.

दुसऱ्या दिवशी गोरक्षनं नऊ ओळी लिहिल्या. समोरच्याकडे राजाखेरीज एकच मोहरा असेल, तर तो मारण्याची चाल यादीतूनच काढून टाकायची. ओळींची जागा डावाच्या अखेरीत होती आणि तो भाग वैजयंती केंगलेचा. ती चोवीस वर्षांची, आंबेगावच्या पश्चिमेकडच्या डोंगरातली. तिच्या वाडीत तोवर संगणक कुणी चित्रातही पाहिला नव्हता. बाहेरच्या नियमांचं पुस्तक वाचून ती बुद्धिबळ शिकली होती आणि चोख काम करायची.

“सर, माझ्या भागात या नऊ ओळी कसल्या?”

“असू द्या. दोन दिवसांनी काढतो.”

पंधरा दिवसांनी जानकूला पुन्हा आणलं. तो पुन्हा हरला, पण या खेपेला प्यादं पटावर ठेवून मात झाली. त्यानं यंत्राच्या पत्र्यावर थाप मारली. “आता शाना झाला ह्यो.” पुढच्या उन्हाळ्यात जानकू गेला. ओळी काढायचं गोरक्षच्या जिवावर आलं. मग ते मागं पडलं, आणि मग तो विसरला.

कुणाच्या ध्यानात आलं नाही, कारण माणूस इतका हरलेला डाव ओढत नाही, आधीच राजा आडवा करतो. यंत्र मात्र सोडत नाही. पंच्याऐंशीच्या नोव्हेंबरात युरोपातल्या एका शहरात अशा प्रोग्रॅमांची स्पर्धा झाली. संचालक तिकडे गेले. यंत्र पुण्यातच होतं, चाली टेलेक्सनं जायच्या यायच्या. शेवटचा डाव जिंकला की पहिला नंबर होता. चाणाक्षकडे हत्ती होता, समोर एक प्यादं. हत्ती त्याच्या अवतीभवती फिरत राहिला. वैजयंती टेलेक्सच्या कागदावर वाकून म्हणाली, “मारत का नाही हा?” गोरक्षला तिसऱ्या चालीलाच कळलं होतं. डाव चालू असताना प्रोग्रॅमला हात लावायची परवानगी नव्हती. प्यादं चालत चालत शेवटच्या घरात पोचलं, त्याचा वजीर झाला. तो वजीरही समोरच्याचा एकुलता मोहरा, म्हणून हत्तीनं त्यालाही मारलं नाही. चाणाक्ष हरला.

संचालक परतले ते हे ठरवूनच, की ज्याची चूक त्याला इथं जागा नाही. तीन दिवसांनी गोरक्षनं त्या वाक्याखाली सही केली. वैजयंतीची नेमणूक तात्पुरती होती, ती संपवण्यात आली. चार महिन्यांनी प्रकल्पच बंद पडला आणि गोरक्षही बाहेर आला. ज्या खुर्चीसाठी सही केली ती खुर्ची त्याला एवढेच दिवस पुरली.

बुधवारी तो एसटीनं नारायणगावला गेला आणि तिथून कळंबला. केंगलेबाईंचं घर विचारायची वेळ आली नाही. ‘गणित, आठवी ते दहावी’ अशी पाटी रस्त्यावरूनच दिसत होती. शिकवणी नुकती सुटलेली. फळ्यावर अर्धवट पुसलेलं एक समीकरण होतं. बाईंनी दारातच त्याला ओळखलं.

“या, कोळपे. चाळीस वर्षांनी वाट सापडली?”

“पत्ता परवा कळला.”

“खोटं. मी इथं पस्तीस वर्षं शिकवतेय. तुमच्या गावच्याच किती पोरांनी इथं गणित सोडवलंय.” त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. “बसा. बेंच लहान आहे, गुडघे सांभाळा.”

गोरक्ष बेंचवर बसला. काय बोलायचं ते एसटीत ठरवलं होतं, ते आता आठवेना.

“श्रेया भेटली म्हणाली तुम्हाला.”

“भेटली. चांगली पोरगी आहे. माणसं विचारलं की खरं सांगतात असं वाटतं तिला.”

“तुम्ही तिला सांगितलं का नाही? त्या ओळी तुमच्या नाहीत म्हणून?”

“तेव्हा कुणाला सांगायचं होतं? साक्षीदार एकच होता. तोच सही करत होता.” बाई फळ्यापाशी गेल्या आणि उरलेलं समीकरण पुसू लागल्या. “आणि आता सांगून काय? म्हातारी बाई जुनं उकरते म्हणतील. तुम्हीच सांगा. तुम्हाला सहीचा सराव आहे.”

रस्त्यावरून टोमॅटोचा टेम्पो गेला. खिडकीची काच थरथरली.

“बाई, माझ्या हातून तेव्हा...”

“ते राहू द्या. माफीबिफी मला नको, तिचं मी काय करू? एकच विचारायचंय.” त्या वळल्या. डस्टर हातातच होतं. “त्या नऊ ओळी होत्या कशासाठी? मी हजारदा डोक्यात चालवून बघितल्या. त्यांनी खेळ सुधारत नाही, वेग वाढत नाही, जागा वाचत नाही. शहाणा माणूस असं लिहीत नाही, आणि तुम्ही शहाणे होतात. पस्तीस वर्षं मी पोरांना सांगतेय की प्रत्येक पायरीला कारण असतं. या एका पायरीचं कारण मला सापडलेलं नाही. तेवढं सांगा आणि जा.”

सांगायचं म्हणजे बापाचं रुसणं सांगायचं. एका मेंढपाळाचा शब्द मोडवेना म्हणून देशाचा पहिला नंबर घालवला, असं म्हणायचं, आणि तेही जिची नोकरी त्यापायी गेली तिच्यासमोर. गोरक्षनं बेंचच्या फळीवर पोरांनी कोरलेली नावं वाचली. इथं प्रत्येकानं आपलं नाव नीट लिहिलं होतं.

“आठवत नाही,” तो म्हणाला. “फार वर्षं झाली.”

बाईंनी डस्टर फळ्याच्या कडेवर ठेवलं. “बरं,” त्या म्हणाल्या. “साडेचारची एसटी मिळेल तुम्हाला.”

शुक्रवारी सकाळी गोरक्षनं श्रेयाला एका ओळीचं पत्र मोबाइलवर फोटो काढून पाठवलं: ‘माझ्या २९ नोव्हेंबर १९८५ च्या निवेदनात बदल नाही.’ खाली सही. शेपटी आता आखूड झाली होती. दुपारी पाटीचा नमुना आला. ‘गोरक्ष जानकू कोळपे’. पे. त्यानं तो फोटो दोन बोटांनी मोठा केला, एकेक अक्षर तपासलं. खालची बारीक अक्षरातली ओळ मोठी करून पाहिली नाही.

प्रदर्शन फेब्रुवारीतल्या एका रविवारी, सकाळी दहाला, नारायणगावच्या एका सभागृहात उघडलं. गोरक्षनं नवा सदरा घातला. गेणू बरोबर येतो म्हणून हटून बसला. सदुसष्टीतही तो चाळीसभर मेंढरं राखून होता. गुडघ्यांनी त्याचं माळशेज उतरणं बंद केलं होतं, एवढंच. त्या दिवशी त्यानं मेंढरं शेजाऱ्यावर सोपवली, लाल पटका बांधला आणि रस्ताभर एसटीतल्या माणसांना सांगत आला, “ह्यो माजा दादा. ह्येचं नाव लागलंय तिकडं.”

पाटी दारातच होती. गेणूला वाचता येत होतं, पण सावकाश. त्यानं बोट लावून वाचलं. “गो-र-क्ष जा-न-कू. दादा, बाचं बी नाव आलं की रं!”

“हो.”

“बा असता तर...” गेणूनं पटक्याच्या शेवानं डोळे पुसले.

शेदीडशे माणसं जमली होती. कॉलेजची मुलं, दोन वार्ताहर, निमगावची सात-आठ मंडळी. पुढच्या रांगेत टोकाला केंगलेबाई बसल्या होत्या. त्यांनी गोरक्षकडे पाहून मान हलवली, वर्गात उशिरा आलेल्या मुलाकडे पाहून हलवावी तशी. दाराजवळच्या भिंतीवर काचेत तो चौकशीचा कागद होता. श्रेयानं प्रास्ताविक केलं. तिनं गोरक्षला पुढे बोलावलं, शाल दिली, आणि टाळ्या वाजल्या. चाळीस वर्षं ज्यासाठी थांबला ते हे होतं. त्याला वाटलं होतं त्याहून ते लवकर संपलं.

मग श्रेयानं मोठ्या पडद्यावर तो शेवटचा डाव लावला. हत्ती, दोन राजे आणि एक प्यादं.

“आता गंमत बघा,” ती म्हणाली. “प्यादं मारायला मोकळं आहे. चाणाक्ष काय करतो?”

हत्ती बाजूच्या घरात सरकला. मुलं हसली. पुढची चाल, हत्ती परत आला. कुणीतरी ओरडलं, “अरे खा ना, येड्या!” प्यादं एक घर पुढे गेलं. हशा वाढला. निमगावच्या मंडळींपैकी एक जण म्हणाला, “मशीन शाकाहारी हाये, भाऊ!” सगळं सभागृह हसलं. केंगलेबाई हसल्या नाहीत. पाटीवर या चुकीपुढे त्यांचं नाव लिहिलेलं होतं आणि लोक त्यालाच हसत होते. गोरक्ष शाल सावरत मंचावर बसून राहिला.

“याला चाणाक्षची गाजलेली चूक म्हणतात,” श्रेया म्हणाली. “यानं प्यादं का मारलं नाही, हे आजवर कुणालाही—”

“चूक कसली, वो पोरी?”

मागच्या रांगेतून गेणू उठला होता. हसणाऱ्या माणसांवर तो मनापासून रागावला होता. “हासताय काय? खाल्लं की बुर्जी व्हती! शेवटचं प्यादं खायाचं नसतं. आमच्या बाची रीत हाये ती.”

“गेणू, खाली बस,” गोरक्ष म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ऐकू आला नाही.

“मी व्हतो ना तवा, पुण्यात, काचच्या खोलीत. पैल्या खेपंला मशीननं बाचं प्यादं खाल्लं. बा आसा रुसला, च्या बी घेतला न्हाई. म्हनला, तुज्या मशिनीला रीत न्हाई. मंग दादानं एका दिसात शिकिवली की मशिनीला! दुसऱ्या खेपंला गेलो तर प्यादं तसंच ठिवून मात.” गेणूनं पडद्याकडे हात केला. त्याचा चेहरा अभिमानानं फुलला होता. “बघा की, आजून पाळतंय. चाळीस वर्सं झाली, बा मेला, पन मशीन रीत सोडंना. आन तुमी त्याला चूक म्हनता? आन नाव भलत्याच बाईचं लावलंय खाली. सुदारा ती पाटी. ह्ये समदं माज्या दादाचं हाये.”

हसणं थांबलं. माणसं आधी गेणूकडे पाहत होती, मग पाटीकडे, मग काचेतल्या कागदाकडे. एका वार्ताहरानं उठून कागदाचा फोटो काढला. गेणूला शांततेचा अर्थ लागेना. त्याला वाटलं, पटलं सगळ्यांना. तो समाधानानं खाली बसला.

केंगलेबाई उठल्या आणि मंचाच्या पायरीपाशी आल्या. गोरक्षला वाटलं, आता त्या सगळ्यांदेखत बोलतील. पण त्या फक्त त्यालाच ऐकू जाईल इतक्या आवाजात बोलल्या.

“एवढंच होतं?”

त्यानं मान हलवली.

“वडलांसाठी?”

“हो.”

“कळंबला विचारलं होतं मी.” त्यांनी पडद्याकडे पाहिलं. प्यादं शेवटच्या घरात पोचलं होतं. “पंच्याऐंशीत हे मला सांगितलं असतंत ना, तर तुमच्याऐवजी मीच, दोष माझा म्हणून, सही केली असती. आनंदानं. माझाही बाप होता.”

खालच्या गर्दीत निमगावचा एक जण दुसऱ्याच्या कानात काहीतरी म्हणत होता, आणि दुसरा मंचाकडे बघत होता.

श्रेया पाटीजवळ गेली. तिनं पिशवीतून पांढरा चिकटपट्टीचा कागद काढला, बारीक अक्षरातल्या ओळीवर आडवा लावला आणि अंगठ्यानं दाबून बसवला. मग काळा मार्कर घेऊन मंचाशी आली. तिचा चेहरा पडला होता, पण आवाज सरळ होता.

“सर, इथं काय लिहायचं ते तुम्हीच लिहा.”

गोरक्ष खाली उतरून दाराशी पाटीपुढे गेला. शाल एका खांद्यावरून घसरली, ती त्यानं उचलली नाही. वर आपलं नाव होतं, मोठं, बरोबर छापलेलं. त्याखालच्या कोऱ्या पट्टीवर त्यानं लिहिलं: ‘अखेरचा भाग वैजयंती केंगले यांचा. त्यातील दोषाच्या नऊ ओळी माझ्या.’ खाली सही केली.

केंगलेबाई पाठीमागून वाचत होत्या. सवयीनं त्यांनी आधी शुद्धलेखन पाहिलं असावं. मग म्हणाल्या, “तारीख घाला.”

“आजची?”

“मग कोणती? तो कागद शेजारीच आहे. मधलं अंतर दिसलं पाहिजे.”

त्यानं तारीख घातली. दाराशी गेणू दोन कॉलेजकुमारांना धरून बुर्जी समजावत होता.